कारखान्याचं गेट, येणारे पाहुणे आणि आतली सुरक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित या औद्योगिक वसाहती आणि शहरातलं जुनं शिवाजी उद्यमनगर, या पट्ट्यात गेली बावीस वर्षं मी गेटचं काम करतोय. सुरुवात सुपरवायझर म्हणून केली, आता तीन-चार युनिटांची सुरक्षा एकत्र बघतो. नवीन युनिट टाकणारे, एचआरला नव्यानं लागलेली पोरं-पोरी आणि वडिलांचा कारखाना हातात घेतलेले तरुण मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो.

आमचा कारखाना तीस माणसांचा. इथं परकं कोण येणार? व्हिजिटर रजिस्टर खरंच लागतं का?

लागतं. आणि चोरापेक्षाही ते दुसऱ्याच कारणासाठी जास्त लागतं.

काही वर्षांपूर्वी मी ज्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात होतो, तिथं संध्याकाळी सहाच्या सुमारास पेंट शॉपमधल्या थिनरनं पेट घेतला. भोंगा वाजला, माणसं शिकवल्याप्रमाणे पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. कामगारांची हजेरी पाच मिनिटांत जुळली. मग मी गेटवरचं रजिस्टर उघडलं. बाहेर गेल्याची वेळ न लिहिलेले चार पाहुणे त्यात दिसत होते आणि समोर उभे होते तीन. चौथा क्रेन दुरुस्तीचा मिस्त्री. त्याच्या नावाच्या जागी नुसतं आडनाव, गावाच्या जागी ‘कोल्हापूर’, आणि मोबाईल नंबरचे आकडे मोजले तर नऊ. मेंटेनन्समधला आमचा एक सहकारी “मिस्त्री वर क्रेनवरच अडकला असंल” म्हणाला आणि कुणाचं न ऐकता धुरात परत शिरला. मिस्त्री तासाभरापूर्वीच मागच्या गेटनं निघून गेला होता, कारण त्याची मोटारसायकल तिकडच्या शेडखाली होती. आमचा माणूस धूर छातीत जाऊन दोन दिवस ऑक्सिजनवर राहिला. बरा झाला, आजही कामावर येतो. पण ती नऊ आकड्यांची ओळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते, कारण रोज संध्याकाळी ते पान तपासायचं काम माझं होतं.

आत्ता या घटकेला कारखान्यात कोण कोण आहे, हे सांगता यावं म्हणून रजिस्टर असतं. कुणावर संशय घेण्यासाठी नव्हे. हे एकदा मालकाला पटलं की पुढचं सगळं सोपं जातं.

ओळखीच्या माणसाला नाव लिहायला लावणं बरं दिसत नाही. लोक चिडतात.

चिडतात, खरं आहे. आपल्याकडे पाहुणा दारात उभा राहिला की आधी “या, बसा, जेवूनच जावा” म्हणायची रीत. त्यात कुणी वही पुढे सरकवली की अपमान वाटतो. “मला ओळखत नाहीस व्हय?” हे वाक्य प्रत्येक गेटवाल्यानं ऐकलेलं आहे.

पण मी आजवर पाहिलेल्या भानगडींत पूर्ण अनोळखी माणूस क्वचितच होता. जुना कामगार, काम सोडून गेलेला ठेकेदार, मालकाच्या मित्राचा मित्र, “परवा तर येऊन गेलोय” म्हणणारा विक्रेता, अशांनाच कुणी अडवत नाही. त्यामुळे नियम ओळखीच्यांपासूनच सुरू करावा लागतो.

अपमान वाटतो तो बहुतेक वेळा बोलण्याच्या तऱ्हेनं. “ओ, कुठं चाललाय? थांबा!” असं ओरडायचं नाही. माझ्या पोरांना मी एवढंच शिकवतो: खुर्चीवरून उठायचं, आणि “नमस्कार पावणं, कुणाकडं आलासा? बसा की, पाणी घ्या. तेवढं नाव लिवा, मी साहेबांना फोन लावतो.” पाण्याचा ग्लास हातात असताना कुणी भांडत नाही.

दुसरी गोष्ट मालकानं करायची. स्वतःच्या मेहुण्याला, स्वतःच्या सीएला गेटवर सही करायला लावायची, आणि गेटवाल्यानं कुणा मोठ्या माणसाला थांबवलं म्हणून त्याला सर्वांसमोर कधीही झापायचं नाही. एकदा झापलं की त्या दिवसापासून तुमचं गेट उघडं पडलं म्हणून समजा. त्यानंतर तो कुणालाच थांबवणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नसेल.

रजिस्टरमध्ये नेमकं काय लिहून घ्यायचं?

पूर्ण नाव, कुठून आले, कुणाला भेटायचं, कशासाठी, मोबाईल नंबर, गाडी नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, आणि ज्यांना भेटले त्यांची सही. ही शेवटची सही सर्वांत जास्त टाळली जाते, पण पाहुणा भेटायला म्हणून ज्यांच्याकडे निघाला त्यांच्याकडेच पोचला, हे तिच्यावरूनच कळतं. पाहुण्याला गेटवर एक पास द्या, ही सही त्या पासावर घ्या आणि बाहेर जाताना पास गेटवर परत घ्या. पास परत आला की माणूस बाहेर गेला, इतकं साधं गणित.

कामाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ हा शब्द चालवून घेऊ नका. ‘बँकेचे कागद’, ‘कॉम्प्रेसर दुरुस्ती’, ‘मुलाखत’ असं लिहून घ्या. मोबाईल नंबर गेटवाल्यानं एक मिस कॉल देऊन तपासावा. नऊ आकड्यांची गोष्ट वर सांगितलीच आहे.

बायका नंबर लिहायला नकार देतात. त्यांना काय सांगायचं?

त्यांचं बरोबर आहे, हे आधी मान्य करा. उघड्या वहीत लिहिलेला नंबर मागून येणारा प्रत्येक माणूस वाचतो. मुलाखतीला आलेल्या मुलींना त्याच रात्री अनोळखी नंबरवरून मेसेज गेल्याची तक्रार माझ्यापर्यंत आलेली आहे. त्या दिवसापासून मी जिथं जातो तिथं उघडी वही बंद करून कार्बनचं पावती पुस्तक चालू करतो. पाहुण्याला एक पान, गेटवर एक पान, आणि भरलेली पानं टेबलाच्या खणात. खर्च किरकोळ.

याच ओघात एक सांगतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त तुमच्या पगारावरच्या बायकांपुरता नाही. नोकरीत असो वा नसो, तुमच्या आवारात आलेल्या कुठल्याही वयाच्या स्त्रीला तो लागू आहे. उलट बाजूनं, बाहेरून येणाऱ्या माणसांकडून तुमच्या महिला कर्मचाऱ्यांना त्रास होऊ नये, हेही मालकाचंच काम आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते. समितीच्या सदस्यांची नावं गेटजवळच्या फलकावरही लावा, म्हणजे पाहुणीलाही ती दिसतील.

ओळख पटवायला आधारची झेरॉक्स घेऊन ठेवायची का?

नका घेऊ. ओळखपत्र बघा, नाव आणि चेहरा जुळवा, परत द्या. वाहन परवाना, मतदार कार्ड, कंपनीचं ओळखपत्र, काहीही चालतं. कुणी आधारच दाखवत असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं, शेवटचे चारच दिसणारं आधार चालवून घ्या. गेटच्या केबिनमध्ये झेरॉक्सचे गठ्ठे साठवणं म्हणजे दुसऱ्याची जोखीम आपल्या डोक्यावर घेणं. ते गठ्ठे पुढे रद्दीत जातात आणि रद्दीतून कुठं जातात कुणालाच ठाऊक नसतं.

मग मोबाईल अ‍ॅपवालं व्हिजिटर मॅनेजमेंट घ्यावं का?

दिवसाला पन्नासच्या वर माणसं येत असतील, दोन-तीन गेट असतील, तर जरूर घ्या. फोटो निघतो, ज्यांना भेटायचं त्यांच्या फोनवर निरोप जातो, आत किती माणसं आहेत ते एका बोटावर दिसतं. दिवसाला दहा माणसं येत असतील तर पावती पुस्तक पुरेसं आहे, हे माझं स्पष्ट मत. मी दोन ठिकाणी महागडं अ‍ॅप घेतलेलं पाहिलं. टॅबलेट चार्ज करायला कुणी नाही, म्हणून महिनाभरात वही परत आली.

अ‍ॅप घेतलंत की डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा तुमच्या दारात आला असं समजा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. माहिती कशासाठी घेताय ते सांगायचं, तेवढ्यापुरतीच घ्यायची, काम झालं की पुसायची आणि नीट सांभाळायची. सांभाळण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या कारखान्याला तेवढा होईल असं नाही, पण अ‍ॅप विकणाऱ्याला विचारा: डेटा कुठं ठेवता, किती दिवसांनी पुसता, आणखी कुणाला देता? उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा विक्रेता बघा.

आमची फाउंड्री आहे. पाहुण्याला आत नेताना काय काळजी घ्यायची?

खरी सुरक्षा इथं सुरू होते. लोक गेटवर तासभर डोकं लावतात आणि एकदा आत सोडलं की विसरून जातात.

पाहुणा एकटा फिरता कामा नये. ज्यांना भेटायला आलाय त्यांनी गेटवर येऊन त्याला घेऊन जायचं आणि परत गेटवर आणून सोडायचं. ‘बाबा, सरळ जा, डावीकडं वळ’ हे भट्टीच्या कारखान्यात चालत नाही. पिवळ्या पट्ट्यांमधूनच चालायचं. हेल्मेट, गॉगल आणि बूट गेटवरच द्यायचे. ते धुतलेले, पुसलेले असावेत. दुसऱ्याच्या घामानं ओलं हेल्मेट कुणी मनापासून घालत नाही, हातात धरून फिरतं.

कपड्यांकडे बघा. नायलॉन, पॉलिस्टरचा शर्ट किंवा साडी असेल तर ओतकामाच्या जवळ नेऊ नका. ठिणगी पडली की ते कापड वितळून कातडीला चिकटतं. सुती कपडा त्यापेक्षा कितीतरी बरा. चपला घालून तर कुणालाच सोडू नका, मग ती आपली अस्सल कोल्हापुरी का असेना. पाण्याची बाटली भट्टीकडे नेऊ द्यायची नाही. वितळलेल्या लोखंडाखाली थोडं जरी पाणी अडकलं तरी त्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून चारी बाजूंना उडतो.

आणखी एक प्रश्न पासावर छापून घ्या: हृदयात पेसमेकर आहे का? इंडक्शन भट्टीभोवती मोठं चुंबकीय क्षेत्र असतं, आणि पेसमेकरवाल्या माणसाला त्याच्याजवळ नेणं धोक्याचं आहे. एकदा एका ग्राहक कंपनीचे वयस्कर अधिकारी पासावरचा हा प्रश्न वाचून म्हणाले, “बरं झालं विचारलंत, मला आहे.” त्यांना आम्ही ऑफिसात बसवून काचेतून भट्टी दाखवली. त्याआधी ते किती कारखाने हिंडले असतील, आणि कुणीच विचारलं नसेल.

मोबाईल गेटवर ठेवून घ्यायचे का? फोटो काढण्याचं काय?

सरसकट फोन काढून घेतले तर भांडणंच होतील. कॅमेऱ्यावर स्टिकर लावा, जाताना काढा. एवढं पुरतं.

पण त्यामागचं कारण गेटवाल्याला समजावून सांगा. आपल्याकडच्या बहुतेक फाउंड्र्यांत पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा करतात ते नमुने) ग्राहकाच्या मालकीचे असतात, भिंतीवरचं ड्रॉइंगही त्याचंच. एका फोटोवरून मापं काढणारी माणसं आहेत. ग्राहकाचा विश्वास गेला की ऑर्डर जाते, आणि ऑर्डर गेली की शिफ्ट बंद होते. हे सांगितल्यावर माझ्याकडचा अठरा वर्षांचा पोरगासुद्धा स्टिकर विसरत नाही.

गेटवर झडती घेता येते का? चोर सापडला तर त्याला धरून ठेवता येतं का?

खासगी सुरक्षा रक्षक म्हणजे पोलीस नाही. पिशवी, डिकी, डबा बघायचा तर संमतीनं. ‘आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासली जाईल’ असा फलक लावा आणि कामगारांच्या नेमणूकपत्रात तसं कलम घाला. पाहुण्याने नकार दिला तर त्याला आत न सोडण्याचा हक्क तुमचा आहे, अंगाला हात लावण्याचा नाही. बाईची तपासणी बाईनंच करायची, आडोशाला, तिचा मान राखून. महिला रक्षक नसेल तर तपासणीच नको.

धरून ठेवण्याबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० आहे. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत कुणी करत असेल तर सामान्य माणूसही त्याला पकडू शकतो, पण विनाकारण वेळ न घालवता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. संशयावरून खोलीत कोंडणं, मारहाण, कबुली लिहून घेणं हे सगळं उलटतं. ११२ ला फोन करा, वेळ लिहून ठेवा, साक्षीदार उभे करा. एका युनिटात बेअरिंगच्या चोरीवरून पोराला रात्रभर स्टोअरमध्ये कोंडलं होतं. सकाळी मालकावरच तक्रार झाली, आणि बेअरिंगं दुसऱ्या रॅकवर सापडली.

भंगाराच्या आणि मालाच्या गाड्यांवर लक्ष कसं ठेवायचं?

जाणारी गाडी येणाऱ्या गाडीपेक्षा नीट बघा.

भंगाराची गाडी रिकामी येते तेव्हा तिचं वजन करताना ड्रायव्हर-क्लीनर गाडीत आहेत की खाली, डिझेलची टाकी किती भरलेली, ताडपत्री, स्टेपनी, साखळदंड वर आहे का, हे सगळं लिहा. भरून जाताना तसंच असलं पाहिजे. येताना दोन माणसं बसवून वजन करायचं आणि जाताना ती खाली उतरवायची, एवढ्यावरही सव्वाशे-दीडशे किलो टर्निंग, म्हणजे लेथवर निघालेला लोखंडाचा चुरा, फुकट निघून जातं. गाडी भरताना आपला माणूस तिथं उभा हवा. बोरिंगच्या चुऱ्याच्या ढिगाखाली तयार कास्टिंग (ओतलेला भाग) दडवणं अगदी सोपं आहे.

आपला धंदा जॉबवर्कचा. ओतकाम एकीकडे, मशिनिंग दुसरीकडे, प्लेटिंग तिसरीकडे. परत येणाऱ्या मालाचा गेटपास वेगळ्या रंगाचा ठेवा आणि दर शनिवारी न आलेल्यांची यादी काढा. जीएसटीच्या नियमानं जॉबवर्कला गेलेला माल वर्षभरात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत यावी लागते, त्यामुळे ही यादी तुमच्या अकाउंटंटलाही हवीच असते. विक्रीच्या मालासाठी ई-वे बिलाची (माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची) मर्यादा राज्याबाहेर पन्नास हजार आणि महाराष्ट्राच्या आत एक लाख रुपये आहे. गेटवाल्याला हे दोन आकडे पाठ असावेत.

ड्रायव्हर-क्लीनर हीही माणसं आहेत, पाहुणीच आहेत. पुण्याहून किंवा बंगळुरूकडून रात्रभर हायवे तुडवून आलेला माणूस सावलीसाठी ट्रकखाली झोपतो आणि कुणीतरी गाडी मागे घेतं. बसायला बाकडं, पाणी आणि संडास द्या, चाकाला ठोकळा लावा, गाडी मागे घेताना शिट्टीवाला माणूस उभा करा.

सरकारी अधिकारी म्हणून कुणी आलं तर?

अडवायचं नाही, पण ओळखपत्र मागायला घाबरायचंही नाही. खरा अधिकारी ते स्वतःहून दाखवतो. कारखाना निरीक्षक असोत, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे असोत, नाव आणि पद लिहून घ्या आणि जबाबदार माणसाला ताबडतोब बोलवा. जीएसटीची झडती असेल तर आयएनएस-०१ हे अधिकारपत्र असतं, ते मालकानं वाचावं. शंका आली तर त्यांनी दिलेल्या नंबरवर फोन करू नका, कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून करा. पैसे मागणारा तोतया या एका फोनवर पळतो.

वर्गणीसाठी मंडळांची पोरं येतात, वीस-पंचवीस एकदम. त्यांना कसं आवरायचं?

गणपती आणि शिवजयंतीच्या आधी हे होणारच. पोरं आपल्याच गावची, आपल्याच कामगारांची भावंडं. दोघांना ऑफिसात घ्या, बाकीच्यांना गेटबाहेर सावलीत बसवून चहा द्या. वर्गणीची रक्कम मालकानं सीझनच्या आधीच ठरवावी, भेटीचा एकच वार ठेवावा आणि पावतीशिवाय काहीही देऊ नये. हे गेटवाल्यावर सोडलं तर एक तर तो पोरांना घाबरतो, नाही तर त्यांना दम देतो. दोन्ही वाईट.

खंडेनवमीला कामगारांची कुटुंबं येतात. तेव्हा तर कुणालाच अडवता येत नाही.

अडवूच नका. वर्षातून एक दिवस बाप ज्या मशिनवर उभा राहतो ते मशिन लेकरू बघतं, त्याला हळद-कुंकू लावतं. माझा स्वतःचा सगळ्यांत आवडता दिवस आहे हा.

तयारी मात्र आदल्या दिवशी करा. त्या दिवशी भट्टी बंद, क्रेनचा हुक वर, मुख्य स्विच काढलेला आणि त्याला कुलूप. प्रत्येक कामगाराकडून किती माणसं येणार ते आधी विचारून घ्या आणि कुटुंबाप्रमाणे एक चिठ्ठी द्या. वाळूचे हॉपर, खड्डे आणि केमिकलची खोली दोरी लावून बंद करा. लहान पोरांच्या हातावर बापाचा नंबर पेनानं लिहा. पूजेच्या समया आणि उदबत्त्या थिनरपासून लांब. नारळ फोडायची जागा एकच ठेवा, मशिनवर फोडू देऊ नका.

सुरक्षा एजन्सी निवडताना काय बघायचं?

खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा २००५ प्रमाणे परवाना आहे का ते पहिलं बघा. परवाना पाच वर्षांचा असतो आणि तो कार्यालयात दर्शनी भागात लावायचा असतो. रक्षकाचं वय १८ ते ६५ च्या दरम्यान असावं. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे त्याचं किमान १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण झालेलं असावं. माजी सैनिकांना हे कमी आहे, ४० आणि १६ तास. आपल्या जिल्ह्यात फौजेतून निवृत्त झालेली माणसं गावोगावी आहेत, सैनिक टाकळीसारखं गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं. शिस्त त्यांच्या अंगात असते. पाहुण्याशी गोड बोलायला मात्र काहींना वेगळं शिकवावं लागतं.

गणवेश पोलिसांसारखा किंवा लष्करासारखा नको. तो गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याखालचं सुरक्षा रक्षक मंडळही आहे, तिथूनही रक्षक मिळतात.

सर्वांत स्वस्त कोटेशन घेऊ नका. एजन्सी कमी दर लावते तेव्हा ती रक्षकाच्या पोटातून काढते. मग तो दिवसा इकडे आणि रात्री दुसरीकडे ड्युटी करतो, आणि तुमच्या गेटवर झोपतो. पगार हातात किती पडतो, पीएफ भरला जातो का, हे रक्षकालाच बाजूला घेऊन विचारा. केबिनला पंखा, दिवा, प्यायचं पाणी आणि जवळ संडास हवा. जुलैच्या पावसात गळक्या पत्र्याखाली पाय वर घेऊन बसलेल्या माणसाकडून तुम्ही दक्षतेची अपेक्षा कशी करणार?

ठेकेदाराच्या माणसांची नोंद पाहुण्यांत की कामगारांत?

वेगळ्या वहीत. ठेकेदारानं रोज सकाळी नावांची यादी द्यायची आणि यादीत नसलेला माणूस आत जायचा नाही. फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणं) आणि मोल्डिंगला (साचे करायला) बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरं असतात. त्यांचं पूर्ण नाव, घरचा नंबर आणि रक्तगट पहिल्या दिवशीच घ्या. पोलीस पडताळणी करून घ्या, पण सगळ्यांचीच करा. फक्त परप्रांतीयांची करायची हे बरोबर नाही.

सीसीटीव्ही किती लावायचे?

कमी लावा, पण चालू ठेवा. दोन्ही गेट, वजनकाटा, स्टोअर आणि गोडाऊन आधी. चेहरा आणि गाडीचा नंबर रात्रीही वाचता आला पाहिजे. तसा वाचता येत नसेल तर कॅमेरा नुसता शोभेचा. कपडे बदलायची खोली आणि संडासाकडे कधीच नको. घड्याळ बरोबर आहे का ते दर सोमवारी बघा. चित्रण पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ रेकॉर्डिंगला हात न लावता पोलिसांना कळवा.

आगीसंबंधी गेटचा काय संबंध?

फायर ब्रिगेडची गाडी गेटमधूनच येते, हा संबंध. गेटसमोर मोटारसायकली लावू देऊ नका आणि मागच्या गेटची चावी एका ठरलेल्या खिळ्यावर ठेवा. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र राज्याच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. १०१ आणि १०८ हे नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहा.

महापुराच्या काळात वेगळं काय करायचं?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. म्हणून ३९ फुटांचा निरोप आला की मी बाहेरगावच्या पाहुण्यांच्या भेटी पुढे ढकलतो, आणि नदीपलीकडे घर असलेल्या कामगारांना लवकर सोडायला मालकाला सांगतो. आत अडकलेल्यांची यादी कागदावर करतो, कारण वीज गेली की अ‍ॅप, फोन सगळं थंड पडतं. रजिस्टर, पावती पुस्तकं आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) सर्वांत वरच्या फळीवर. दहा जणांना दोन दिवस पुरेल एवढा शिधा, पाणी आणि टॉर्च गेटच्या केबिनमध्ये जूनपासूनच असू द्या.

उद्यमनगरात आमचं दार थेट रस्त्यावर उघडतं. गेटच नाही, मग?

दारात एक टेबल आडवं टाका. टेबलाच्या अलीकडे पाहुणा, पलीकडे मशिन. लेथवर वाकून गप्पा मारत उभं राहण्याची आपली जुनी सवय आहे, ती मोडा. शर्टाची बाही फिरत्या चकमध्ये (लेथवर काम पकडणाऱ्या जबड्यात) अडकायला क्षण लागत नाही. शाहूपुरी, राजारामपुरीतल्या इमारतींमधल्या ऑफिसांनाही हेच लागू: खाली एक वॉचमन आणि प्रत्येक मजल्यावर कोण येणार त्याची सकाळची यादी.

हे सगळं एकदम जमणार नाही. उद्यापासून सुरुवात कुठून करू?

उद्या सकाळी पहिल्या शिफ्टच्या अर्धा तास आधी स्वतःच्या गेटवर जा आणि संध्याकाळपर्यंत तिथंच खुर्ची टाकून बसा. मालकानं स्वतः बसायचं, मॅनेजरला पाठवायचं नाही. कोण विचारल्याशिवाय आत गेलं, कुणाला पाणी मिळालं, कुणाला दटावलं, किती पास परत आले, गेटवाला जेवायला गेला तेव्हा तिथं कोण होतं, हे एका कागदावर लिहीत जा. दुपारी तासभर मागच्या गेटवर बसा. मोटारसायकली कुठं लावल्यात आणि त्यांचे मालक कुठून बाहेर पडतात ते बघा. संध्याकाळी रजिस्टर घ्या आणि बाहेर गेल्याची वेळ न लिहिलेल्या प्रत्येक माणसाला फोन करून विचारा, “पोचला का घरी?”